मापाचा शर्ट

माझ्या धाकट्या जावेला सगळे टाचणी म्हणतात. ती कपडे शिवते आणि ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असतात. त्या न काढता, ओठ न हलवता ती बोलू शकते. शेजारी उभ्या माणसाला ऐकू जातं, समोरच्याला वाटतं बाई मुकीच आहे. मी तिच्या दुकानात स्टुलावर बसून काजं करते, बटणं लावते आणि दोघींच्या वाटणीचं बोलते. दुकान केवढं, तर एक मशीन, कापायचं टेबल, आरसा आणि मागे पडदा. पडद्याआड चहाचा स्टोव्ह आणि मागच्या गल्लीत उघडणारं दार.

एका सकाळी चकचकीत बुटांचा गृहस्थ आला. त्याला शर्टाच्या आत घालायची मऊ बंडी हवी होती, तिला आतून ओळीने छोटे छोटे खिसे. कशाला, म्हणून मी विचारलं. औषधाच्या बाटल्यांना, म्हणाला. पण बोटांनी त्याने जो आकार दाखवला तो काही बाटलीचा नव्हता. वर दाब पडता कामा नये, पण अंगाची ऊब लागली पाहिजे, असंही बजावलं. मग मापाचा शर्ट टेबलावर ठेवून निघून गेला.

टाचणीने शर्ट उलटा केला आणि तिचा हात डाव्या खांद्यावर थांबला. तिथे आत कापडाची पातळ गादी शिवलेली होती. टाके तिचेच. तिचा मुलगा लहानपणी जिन्यावरून पडला, तेव्हापासून त्याचा तो खांदा उतरलेला. घरात त्याचं नावच तिरक्या पडलं. खांदा दिसू नये म्हणून ती त्याच्या प्रत्येक शर्टात अशी गादी घालते. तिरक्या तेव्हा वेगळ्या खोलीत राहत होता. नवी नोकरी लागलीय, कंपनीचे नमुने घेऊन परदेशी जायचंय, असं त्याने सांगितलं होतं. आम्ही ते गल्लीभर सांगत सुटलो होतो. मी जरा जास्तच.

माझी नात पक्ष्यांच्या दवाखान्यात काम करते. तिला बंडीचं सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. डोंगरातल्या जंगलात एका जातीचे पोपट आहेत, जगात आता मोजकेच उरलेत. त्यांची अंडी ढोलीतून काढतात, माणसाच्या अंगाला बांधतात आणि विमानाने पलीकडे नेतात. पिल्लू ओरडतं, अंडं ओरडत नाही. तिकडे कुणा हौशी श्रीमंताच्या पिंजऱ्यात ती जातात, वाटेत मेली नाहीत तर. आणि पकडला जातो तो बंडी घातलेला. चकचकीत बूट घरी बसून चहा पितात.

मी जावेला म्हटलं, शिवूच नकोस. ती म्हणाली, "दुसऱ्याने शिवली तर तिरक्या कधी निघतो ते मला कळायचंही नाही, जाऊबाई."

मुलाला सरळ विचारावं तर तो गायब होणार. वनखात्याला सांगावं तर नात म्हणाली, अंडी कुठे आहेत ते कळल्याशिवाय ते हात तरी कुठे घालणार? आणि वाट बघावी, तर तो विमानतळावर मालासकट सापडणार. टाचणीने गृहस्थाला निरोप धाडला, अंगावर घालून बघितल्याशिवाय मी खिसे पक्के करत नाही.

तो कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी दुपारी आला, गाडीतून तिरक्याला घेऊन. दुकान बघून पोराचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. आई शिंपीण आहे हे त्याने त्या लोकांना सांगितलंच नव्हतं. लाज वाटली असेल. त्याची लाज आमच्या कामी आली ती एवढीच एकदा.

टाचणीने त्याला ओळख दाखवली नाही. "या साहेब. शर्ट काढा. हात वर."

बंडी कच्च्या टाक्यांवर होती. खिशांत तिने बाटल्या म्हणून दोऱ्याची रिळं भरली. माझी सुई दोनदा बोटात गेली.

"खांदा उतरलाय तुमचा. पडला होतात का?"

"हो."

"कुणी उचललं?"

तो आरशात बघत राहिला. "आईने."

"तुम्ही कुठे निघालात ते माहीत आहे तिला?"

"बाई, माप घ्या," गृहस्थ म्हणाला.

"मापच घेतेय."

तेवढ्यात गृहस्थाचा फोन वाजला. तो दाराबाहेर उभा राहून बोलू लागला, नजर मात्र काचेतून आत. टाचणीने ओठांत टाचण्या धरल्या, तिरक्याच्या बगलेशी वाकली आणि विचारलं, अंडी कुठे आहेत. बाहेरून काही दिसलं नाही.

"खोलीवर," तिरक्या मान खाली घालून पुटपुटला. "उबवायच्या पेटीत. उद्या सकाळी निघायचंय. आई, आता नाही म्हटलं तर ते सोडणार नाहीत."

"नाही मी म्हणते. तू किल्ली दे."

या कामातलं त्याला अर्धं माहीत होतं आणि उरलेलं अर्धं त्याने विचारलं नव्हतं. मग आईच्या आडोशाने त्याचा हात पँटच्या खिशात गेला. किल्ली माझ्या बटणांच्या डब्यात पडली. मी मोठ्याने म्हटलं, चहा टाकते, आणि पडद्यामागून गल्लीत उतरले. माझे गुडघे एरवी जिना बघूनच रडतात, त्या दिवशी गप्प बसले. नात ठरल्याप्रमाणे वनखात्याच्या माणसांना घेऊन कोपऱ्यावर थांबली होती, किल्ली तिच्या हातात दिली.

इकडे टाचणी एकेक खिसा उसवत होती, पुन्हा घालत होती. गृहस्थ घड्याळ बघायला लागला की म्हणायची, सैल राहून आतलं फुटलं तर मला बोलायचं नाही. मग तो मनगट खाली घ्यायचा. खोलीवरची पेटी ताब्यात घेऊन वनखात्याचे लोक आत आले तेव्हा तो माझ्याच स्टुलावर बसून चहा येण्याची वाट बघत होता.

पेटीतली सगळी अंडी काही जगली नाहीत. जगलेलं एक पिल्लू नातीने मला दाखवलं. नागडं, डोळे मिटलेलं, मान टाकलेलं. आमच्या घरातली सगळी बाळं अशीच कुरूप होती.

तिरक्याने सगळं सांगून टाकलं. खटला चालू आहे, तारखेला जातो, शिक्षा व्हायची ती होईल. बंडी कोर्टात जमा आहे. टाचणीला दुःख एवढंच, की तिच्या हातचं काम कच्च्या टाक्यांवर लोकांना दाखवतात.

तिरक्या आता आमच्यातच राहतो. जेवायला उशिरा आला की ती अजूनही म्हणते, "या साहेब." आणि तो मुकाट्याने हात धुवायला जातो.