झाडात अडकलेला फ्लाय

लीड्समधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये हिवाळाभर आम्ही हौशी मंडळी फ्लाय बांधायला जमायचो. फ्लाय म्हणजे गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. ट्राउट मासा त्याला फसतो. माझ्या शेजारी एक रिटायर्ड सर्जन बसायचे, मूळचे साताऱ्याचे. चष्मा कपाळावर, जिभेचं टोक दातांत. माझा फ्लाय झाला की ते तो दिव्याखाली धरायचे, "मासा हसेल गं," म्हणायचे आणि ब्लेडने सगळं कापून नुसता गळ परत द्यायचे. स्वतःचेही फ्लाय असेच कापायचे, त्यामुळे धड भांडताही यायचं नाही.

मार्चमध्ये मात्र माझं डोकं फिरलं. "हा कापायचा नाही! आणि पुढच्या हिवाळ्यात मी येणार नाहीये."

"बरं. रविवारी नदीवर घेऊन ये."

रविवारी त्यांनी माझा तो जाडजूड फ्लाय चक्क आपल्या रॉडच्या दोरीला, लाइनला, बांधला. दुसऱ्याच फेकीत तो पलीकडच्या काठावरच्या झाडात अडकला. सकाळी त्यांचे स्वतःचे दोन असेच अडकले होते, तेव्हा त्यांनी सरळ लाइन तोडली होती. आता मात्र रॉड माझ्या हातात देऊन ते कमरेभर गार पाण्यात शिरले.

"अहो, सोडा ना! जस्ट लीव्ह इट!"

"लाइन ढिली धर."

फ्लाय सोडवून ते कुडकुडत परत आले, त्यांनी फुंकर मारून त्याची पिसं मोकळी केली. मी रॉड पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"हसला मासा तर हसू दे. टाक तू."