मोंबासा ते मालिंदी, अडीच तास

मोंबासाहून मालिंदी अडीच तासांवर, असं सगळे सांगतात. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, हे कुणी सांगत नाही. माझ्या शेजारच्या बाईचे वडील मालिंदीत पहाटे वारले होते आणि त्यांच्यात दफन त्याच दिवशी होतं. ती ड्रायव्हरला विनवत होती.

"चार माणसं आण आई, लगेच निघू," तो म्हणाला.

ती खरंच उतरून "मालिंदी, मालिंदी" ओरडू लागली. स्टँडवरच्या फळवाल्या हसल्या, "नवी कंडक्टरीण!" तिला बापाचं तोंड दिसायला आणखी चौघांचं मालिंदीत काम निघायला हवं होतं. अंतर असं परक्यांच्या हातात असतं.

गाडी भरली तेव्हा तिचा फोन वाजला. ऐकून ती गाडीत चढून जागेवर बसली.

"आता बघ कशी पळवतो," ड्रायव्हर म्हणाला.

"सावकाश चालव," ती म्हणाली. "वडिलांना पुरलं."