काळ्या खोलीत पडलेली सावली

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत, कारण मालक तिचा धाकटा दीर. पाठीमागे मात्र तिचं नाव शंकाताई. ती टेबलावरून उठून बाहेर निघाली की भिंगं साफ करणारा दाढीवाला हळूच विचारी, "मोठी शंका, की लघु?"

"तू त्या दाढीत काय काय लपवतोस, ही शंका," ती न वळता सांगे.

कुलूप लावलं की ओढून बघायचं, ओढलं की परत येऊन पुन्हा ओढायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम म्हणून सांगितलं, तर घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अक्षरं मला बरोबर आली खरी. पण फळाच सोपा असेल तर?"

"मग आता फळ्याचे डोळे तपासून घे," तो म्हणाला आणि पेपरामागे गेला.

पण तिच्या कामाला असंच माणूस लागायचं. रात्री बघायच्या दुर्बिणी इथे दुरुस्तीला येत. काही जंगलात प्राणी मोजणाऱ्यांच्या, काही डोंगरात हरवलेली माणसं शोधणाऱ्यांच्या. दाढीवाला त्या उघडून, पुसून, जोडून देई आणि मग त्या मागच्या काळ्या खोलीत वहिनीसमोर परीक्षेला बसत. भिंती काळ्या, छत काळं, दाराला दुहेरी पडदा. भर दुपारी तिथे स्वतःचा हात दिसत नसे. स्टँडला दुर्बीण अडकवून वहिनी बाजूच्या स्टुलावर बसे आणि मान वाकवून तिच्यात बघे. समोरच्या भिंतीवर बारीक बारीक होत जाणाऱ्या रेघांचा तक्ता. त्याच्यावर डबीतल्या दिव्याचा कणभर उजेड, चांदण्याइतका. किती बारीक रेघ ओळखू येते, त्यावर पास-नापास.

नवीन माणूस हमखास विचारी, "हे काळोखात बघतं ना?"

"काळोखात काय बघणार, कपाळ? चिमूटभर उजेड लागतोच. आत एक नळी असते. तिच्या पुढच्या पडद्यावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. पुढे बारीक भोकांची चकती असते, तिच्यातून आपटत-धोपटत जाताना एकाचे हजारो होतात, आणि मागच्या पडद्यावर आदळून हिरवं चित्र उमटतं. वाढवणारं यंत्र आहे ते, निर्माण करणारं नाही. आणि एक लक्षात ठेव, तांबड्याच्या पलीकडचा जो उजेड आपल्याला दिसत नाही, तोही त्याला दिसतो."

अशा या वहिनीने पास केलेल्या दुर्बिणी परत यायला लागल्या.

शोधपथकाचा मुकादम तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने दुर्बीण टेबलावर ठेवली नाही, आपटली. "तुमच्याकडे बघितलं तर लख्ख, आणि डोंगरावर नुसत्या टीव्हीतल्यासारख्या मुंग्या! समोर दगड आहे की माणूस, कळत नाही."

"धुकं होतं का?"

"नव्हतं."

"भिंग पुसलं होतं? बॅटरी? का समोर कुणी टॉर्च मारत होतं?"

"बाई, हे सगळं करून आलोय. तुम्ही तुमचं बघा ना!"

तो गेल्यावर दिराने खुर्ची ओढली. "वहिनी, रागावू नका. पण डोळे थकतात माणसाचे."

"डॉक्टरांनी सांगितलंय, उत्तम आहेत."

"त्या डॉक्टरवर तुमचाच विश्वास नाही!" तो हसला, मग हसू आवरलं. "हीच दुर्बीण पुन्हा तपासा. संध्याकाळी तो नेणार आहे. या वेळी परत आली, तर तुम्ही पॅकिंगला बसा. काळ्या खोलीत मी दुसरं कुणी बघतो."

वहिनी दुर्बीण उचलून उठली. आत जाताना तिने दाढीवाल्याकडे असं बघितलं की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"माझ्याकडे का बघताय? मी काय केलं?"

"डबीतला दिवा बदललास?"

"आईशप्पथ नाही!"

"शपथ घेतलीस म्हणजे काहीतरी आहे."

आत येऊन तिने पडदे ओढले. दुर्बीण स्टँडला लावली. रेघा स्वच्छ, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. एवढ्या जुन्या नळीला इतकं स्वच्छ? तिचा दिव्यावरचा संशय बळावला. तिने हात लांब करून दिवा बंदच करून टाकला.

रेघा तशाच दिसत होत्या.

दुर्बिणीपासून डोळा काढला, तर डांबरासारखा काळोख. पुन्हा लावला, तर रेघा. ती चाचपडत दाराशी गेली, फटीत फडक्याचा बोळा कोंबला, परत आली. फरक नाही. मग तिने दुर्बीण स्टँडवरून काढून हातात घेतली आणि खोलीच्या मध्ये उभं राहून दुसरा हात वर केला.

तक्त्यावर पाच बोटांची सावली पडली.

दिवा बंद, पडदे बंद, आणि सावली! सावली पुढे, म्हणजे उजेड मागे. स्टुलावर बसल्यामुळे इतके दिवस तिचं डोकं मधे आलंच नव्हतं. ती हळूच वळली. दारावरच्या हवेच्या जाळीमागे दुर्बिणीत एक हिरवा सूर्य तळपत होता. नळी जळू नये म्हणून तिने झटकन भिंगावर तळहात ठेवला.

"भावजी!" तिची हाक जिन्यापर्यंत गेली. "जरा आत या. नाही, तुम्ही एकटे."

तो आला. तिने त्याला उभं केलं, हातात दुर्बीण दिली. "हात वर करा."

"हे काय नाटक..."

"करा हो!"

त्याने हात वर केला. खाली घेतला, पुन्हा वर केला.

"कुणाची सावली ती?" तिने काळोखातच विचारलं.

"माझी."

"आणि उजेड?"

तो बारीक आवाजात म्हणाला, "कॅमेरा आहे. काळोखात दिसावं म्हणून त्याला न दिसणारे दिवे असतात. त्यांचा उजेड तक्त्यावर पडत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"दाढीवाल्याच्या टेबलावर आहे का असा?"

"नाही."

"पॅकिंगला?"

"नाही."

"म्हणजे या खोलीतच. आणि इथे मी एकटी बसते."

"वहिनी, साठ्याच्या मोजणीत दोन नळ्या कमी भरल्या होत्या. मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं. मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही वर्षभर बोलला नसता!"

"आता दोन वर्षं नाही बोलणार." ती दाराशी गेली, खाली पडलेलं फडकं उचललं, पण बाहेर पडली नाही. "आधी ते दिवे काढा."

"सगळा कॅमेराच काढतो."

"छे! कॅमेरा राहू दे. नुसते दिवे काढा. बसू दे त्याला, बघू दे काय दिसतं ते."

दिवे निघाल्यावर तिने तीच दुर्बीण डबीच्या उजेडात लावली. वरच्या दोन ओळींनंतर नुसत्या मुंग्या. मुकादम खरं बोलत होता. संध्याकाळी तो आला तेव्हा वहिनीने दुर्बीण त्याच्या हातात दिलीच नाही.

"नापास. नळी म्हातारी झालीय, बदलावी लागेल. आधीच्या वेळी मी पास केली, ती चूक या खोलीची होती."

"खोलीची?" मुकादमाने दिराकडे बघितलं. दीर जिन्याकडे बघत होता.

वहिनी अजून तिथेच बसते. रोज सकाळी दिवा बंद ठेवून, दुर्बीण डोळ्याला लावून आधी हात वर करते. दाढीवाला पडद्याबाहेरून ओरडतो, "कुणी आहे का आत, वहिनी?"

"तूच सांग," ती म्हणते, आणि जाळीकडे वळून पुन्हा एकदा बघते.

दिराशी मात्र ती अजून दाढीवाल्यामार्फतच बोलते.