मूठभर जुना भुसा

आमच्या ताईचं नाक हेच तिचं नोकरीतलं हत्यार. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिचा उभा जन्म गेला. मशीनमधून निघालेली चादर बाकीच्या बायका डोळ्यांनी बघायच्या, ताई नाकाशी धरायची. रक्ताचा, औषधाचा, माणसाचा, कसलाही वास आला की चादर परत उकळत्या पाण्यात. साबणाचा आला तरी परत. "कशाचाच वास येत नाही ना, मग ती स्वच्छ," एवढंच तिचं शास्त्र. नव्या मुली चिडवायच्या, "ताई, चादर आहे हो ती, गुलाब नाही." ताई हसायची आणि त्यांच्याच ढिगातल्या दोन-चार चादरी परत पाठवायची.

मी तिची धाकटी बहीण, तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. आई म्हणायची, थोरलीला हात मिळाले आणि धाकटीला तोंड. म्हणून हे मीच सांगते. ताईला विचाराल तर ती म्हणेल, "सांगण्यासारखं काय आहे त्यात, एक उंदीर मेला." अगं बाई, उंदीर मेला म्हणे!

तर ते उंदीर नव्हते. हॅमस्टर होते, बुटक्या जातीचे, दोघी सख्ख्या बहिणी. अंगठ्याएवढं अंग, शेपूट असून नसल्यासारखी, आणि डोळे म्हणजे नुसत्या मिरीच्या दाण्यांसारखे. एकीचं नाव बटण, दुसरीचं गोटी. नावं ताईच्या नातीने ठेवलेली. नातीला आम्ही बिट्टी म्हणतो.

बिट्टीला त्या दोघी तिच्या आईने आणून दिल्या होत्या. आई म्हणजे ताईची एकुलती एक लेक. ती आजारी पडली ती ताईच्याच हॉस्पिटलात, आणि तिथेच गेली. शेवटपर्यंत तिच्या चादरी ताईने दुसऱ्या कुणाला हात लावू दिल्या नाहीत. मशीनमध्ये टाकायच्या आधी त्याही नाकाशी धरायची. तेव्हा काय वास घेत होती, हे विचारायची माझ्यासारखीची सुद्धा छाती झाली नाही.

पुढे जावयाने दुसरं लग्न केलं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. नव्या बायकोला मात्र पिंजऱ्याची किळस यायची. "एक तर ते उंदीर राहतील नाहीतर मी," असं ती म्हणाली, आणि जावई पिंजरा उचलून ताईकडे घेऊन आला. पिंजऱ्यामागोमाग बिट्टी आली. तोवर नातीचं तोंड दिसायचं ते कधीतरी, पाहुण्यासारखं, खुर्चीच्या कडेवर बसून बिस्किट खाणारं. आता ती दर रविवारी यायला लागली. सकाळी बाप सोडून जायचा, संध्याकाळी न्यायला यायचा.

आणि मग बघावं आमच्या ताईला! शनिवारपासून घर घासायची. रविवारी दोघी जमिनीवर पालथ्या पडून पिंजऱ्यात डोकावत बसायच्या. बिट्टी शिकवायची, ताई शिकायची.

"आजी, यांना पाण्याने आंघोळ घालायची नसते. थंडी लागून मरतात. ही वाळूची वाटी आहे ना, यात लोळल्या की झाली आंघोळ."

"मातीत लोळून कुणी स्वच्छ होतं का गं?"

"माती नाही, वाळू! आणि दोन चाकं, दोन वाट्या, दोन घरं. एकच ठेवलं की भांडतात."

"तुझ्या मावशीआजीसारख्या," ताई माझ्याकडे बघून म्हणायची.

भोपळ्याची बी दिली की गोटी ती गालात कोंबायची, मग दुसरी, मग तिसरी, तोंड सुजल्यासारखं दिसेपर्यंत. ते बघून ताई इतकी हसायची की लेक गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पाहिलंच नव्हतं. दिवसभर त्या झोपायच्या एकमेकींना चिकटून, कोणाचे पाय कुठले ते कळायचं नाही. बिट्टी म्हणायची, "त्या वासाने ओळखतात एकमेकींना. त्यांना नीट दिसत नाही. म्हणून पिंजऱ्यातला भुसा बदलताना मूठभर जुना भुसा परत टाकायचा, आजी. सगळं नवीन नाही करायचं."

ताईने मान डोलावली. पण तिच्या तोंडावरून मला कळलं, हा पोरीचा आळस आहे असं तिला वाटतंय. घाणीतली मूठभर घाण मुद्दाम मागे ठेवायची, हे लॉन्ड्रीतल्या बाईच्या डोक्यात शिरणार कसं? तरी ती ठेवायची बिचारी, नातीच्या शब्दाखातर. नाक मुरडून, पण ठेवायची.

असं चाललं होतं. मग एका रविवारी जावई पोरीला न्यायला आला आणि दारातच घुटमळला.

"आई, एक बोलायचं होतं. हिच्या कपड्यांना वास येतो घरी आल्यावर. ही म्हणते..." ही म्हणजे नवी बायको. "ही म्हणते, रोग-बिग काही लागेल. थोडे दिवस येणं बंद करावं का, असा विचार होता."

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई म्हणाली, "पुढच्या रविवारी वास येणार नाही. माझी जबाबदारी."

आयुष्यभर जे केलं तेच तिला करायचं होतं. पोर येत राहावी एवढंच तिला हवं होतं, आणि पोरीच्या येण्याच्या आड काय येत होतं, तर वास. वास काढणं हे तर तिच्या डाव्या हाताचं काम! पुढच्या शनिवारी तिने पिंजरा सुटा सुटा केला. सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात चाकं, वाट्या, लाकडी घरं, सगळं बुडवलं. घासलं, पुन्हा उकळलं, पुसून वाळवलं. वाळू नवी, भुसा नवा. जुन्या भुशाची एक काडी मागे ठेवली नाही. तेवढ्यावर थांबली असती तरी... पण नाही. त्या दोघींनाही कोमट पाण्यात पिळलेल्या कपड्याने हलक्या हाताने पुसून काढलं, तान्ह्या बाळाला पुसावं तसं. मग नाक लावलं. कशाचाच वास नाही. मला हाक मारून वर बोलावलं आणि म्हणाली, "घे, तूच बघ." मीही वास घेतला. खरंच, काही नव्हतं.

अति तिथं माती म्हणतात ते उगीच नाही.

रविवारी सकाळी तिने माझं दार वाजवलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, काहीतरी झालंय. वर गेले. पांढऱ्याशुभ्र भुशावर लाल डाग होते. गोटी उताणी पडली होती, पोट फाडलेलं. बटण दुसऱ्या टोकाला कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, कान चिरलेला, थरथरत. जन्मापासून एका अंथरुणात झोपलेल्या बहिणी. आपल्या घरात कुणी परकी शिरलीय, असं दोघींनाही वाटलं असणार.

"मी ओळख पुसली गं त्यांची," ताई म्हणाली. एवढंच. मग गोटीला तिने स्वच्छ रुमालात गुंडाळलं. त्या रुमालाला मात्र तिने नाक लावलं नाही.

मी म्हटलं, "पोरीला सांगू, आजारी होती. आपोआप गेली."

"खोटं नाही बोलायचं तिच्याशी. तिच्या आईच्या वेळी सगळे खोटं बोलले."

बिट्टी आली, चपला काढल्या आणि थेट पिंजऱ्याकडे धावली. ताईने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. पोर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. तिने नव्या भुशात हात घातला, तळापर्यंत चाळून पाहिला आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं ना आजी." मग जी रडायला लागली ती थांबेचना. आईसाठी तेव्हा राहून गेलेलं रडूही त्यातच होतं, असं मला वाटलं. ताईने जवळ घ्यायला हात पुढे केला, तर पोर मागे सरकली.

मी जावयाला फोन केला. तो लगोलग आला. लेकीला तसं हुंदके देताना पाहून त्याचाही बांध फुटला. तिच्या शेजारी जमिनीवर बसला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "नको रडूस. ही राहिली आहे ना, हिला आपण आपल्या घरी नेऊ. मी सांगतो घरी. कुणी काही बोलणार नाही. तुझ्या खोलीत ठेवू."

पोरीने डोळे पुसले. "खरंच?"

"खरंच."

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! मी म्हणणार होते, अरे शहाण्या, पिंजरा गेला की पोर इथे कशाला येईल? पण ताईने माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली. माझ्याकडे न बघताच तिने मान हलवली. नाही.

मग तिनेच पिंजरा बांधून दिला. दाणे, बिया, वाळूची पिशवी. जावयाला समजावलं, आता हिला एकटीलाच ठेवायचं, दुसरी आणायची नाही, कानाला पाणी लावायचं नाही, वाऱ्यात ठेवायचं नाही. जावई म्हणाला, "आई, तुम्ही फार केलंत यांच्यासाठी," आणि ते तो मनापासून म्हणाला, हेच मला सहन होईना. बिट्टी जिना उतरली तेव्हा पिंजरा हलू नये म्हणून तिची नजर पिंजऱ्यावरच होती. वर बघायला जमलंच नाही तिला.

पुढच्या रविवारी ताईने घर घासलं, स्वयंपाक केला, मलाही वर जेवायला बोलावलं. सकाळ गेली. जेवणाची वेळ टळून गेली. मग फोन वाजला.

"आजी! बटणने आज माझ्या हातावर बसून बी खाल्ली! कान पण बरा झालाय. बाबांनी मोठा पिंजरा आणलाय, जिन्याचा!"

"हो का गं! शहाणी ती माझी. मग आज किती वाजता येतेस?"

पलीकडे पोर जरा गोंधळली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, देवाशपथ सांगते.

"आज? कशाला आजी? बटण तर इथेच आहे."

"हो की गं," ताई म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "रड गं बाई एकदाची." ती रडली नाही. उठली, माझ्यासमोर ताट ठेवलं आणि वाढायला लागली. भरपूर वाढलं.

"तूच खा आता," म्हणाली, "तिच्या वाटणीचं उरलंय."