होमरनवाले आणि एअरपोर्टची ड्यूटी

फ्रँकफर्टला रविवारी मराठी माणसं एका सोफ्यावर बसली की किस्से साठत जातात. मी ऐकतो. इथे सांगणार कुणाला? म्हणून लिहितो.

माझा मुलगा नीलेश आणि त्याचे ऑफिसातले मित्र कॉम्प्युटरवर अमेरिकेचं बेसबॉल खेळतात. खेळाडू सगळे जुन्या काळचे. ते आळीपाळीने निवडायचे, त्याला ड्राफ्ट म्हणतात. मग कॉम्प्युटर मॅचेस लावतो. ज्याची टीम शेवटची, त्याने वर्षभर सगळ्यांचे आईवडील, सासूसासरे एअरपोर्टवरून आणायचे. म्हणून प्रत्येकाला होमरन, म्हणजे बेसबॉलमधला सिक्सर, मारणारे धिप्पाड गडीच हवेत.

*

एकदा त्यांच्यातला जोशी अडून बसला. एका होमरनवाल्याचा गुडघा टिकेल का, ही काळजी.

मी म्हणालो, "जोशी, तो माणूस कधीच वारला."

"हो काका, पण गुडघा?"

*

मग खालची जर्मन बाई तक्रार घेऊन वर आली. रविवारी रुहेझाइट, आवाज चालत नाही. तेव्हापासून ड्राफ्ट कुजबुजीतच चालतो. एकदा सूनबाईची मैत्रीण आली. तिने सगळे पुरुष मान खाली घालून कुजबुजताना पाहिले आणि दारातच हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

*

गेल्या वर्षी एक गडी कमी पडला. मला बसवलं. सगळे म्हणाले, होमरनवाले घ्या. मला ते पसंत नाहीत. सारखं हुकायचं आणि एकदा चेंडू गर्दीत टोलवायचा, यात कसली मर्दुमकी? मी बारीक चणीचे, पळणारे घेतले. शेवटचा आलो.

"काका, तुम्हाला माफ," जोशी म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

मला गाडी येत नाही. जोशीच्या सासऱ्यांना एस-बानने, इथल्या लोकलने, आणलं. उलट्या दिशेच्या गाडीत बसलो, माइन्झला पोचलो. तिथे बाकावर बसून दोघांनी त्यांचे धपाटे खाल्ले. घरी जोशी ताटं मांडून बसलेला. तो स्वतः न्यायला आला नाही म्हणून सासरे त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

*

या रविवारी पहिली निवड सगळ्यांनी मलाच दिली. जोशीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. स्क्रीनवर सगळ्यांत तगडा होमरनवाला.

"काका, हाच घ्या," तो कुजबुजला. "सासरे पुन्हा येताहेत."

"बाबा, प्लीज," नीलेश म्हणाला.

सासरे येताहेत ते मला ठाऊक होतं. सकाळीच त्यांचा साताऱ्याहून फोन आला होता. "धपाटे जास्त आणतोय. न्यायला तुम्हीच या."

मी चष्मा पुसला. सगळे खेळाडू नीट पाहिले. त्यातल्या सगळ्यांत किडकिडीत माणसावर बोट ठेवलं.