विमानात दुर्वाचे कान

मैत्रिणींनो, आज आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. सोबत लेक मंजू आणि तिची चार महिन्यांची दुर्वा. जावई फौजेत, दिल्लीला. त्यांनी दुर्वाला अजून हातात घेतलेलं नव्हतं.

सांगलीहून एसटीनं निघताना करतो तसंच केलं. बाळाला पोटभर पाजलं, वारा लागू नये म्हणून कुंची घट्ट बांधली. विमान वर चढू लागलं आणि दुर्वानं टाहो फोडला. पोट भरलेलं, त्यामुळे दूध तोंडात घेईना. मी कुंची आणखी आवळली.

"आई, इथं खिडकी कुठं उघडी आहे?" मंजू रडकुंडीला आली.

शेजारच्या बाई साताऱ्याकडच्या निघाल्या. "आवं काकी, वारा न्हवं, कानात दडं बसल्यात. कायतरी चोखू द्या तिला."

कुंची सोडली, बाटलीतल्या पाण्यानं बोट धुऊन तोंडात दिलं. दुर्वा चोखत चोखत निवली. खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसासारखे ढग, त्यावर कोवळं ऊन. मी देवाचं नाव अगदी हळू घेतलं. इतक्या जवळ आल्यावर मोठ्यानं कशाला?

उतरायच्या वेळेसाठी मात्र तिला जरा भुकेलं ठेवलं. विमान खाली झुकलं तसं मंजूनं पाजायला घेतलं, आणि ती रडलीच नाही. विकतचं काही लागलं नाही. दुपटं आणि जादा झबलं तेवढं हाताशी ठेवा.

जावयांनी घेतलं तेव्हा दुर्वा झोपेतच घोट घेत होती. ते जागचे हलेचनात. "उठंल," एवढंच म्हणाले.

तुमच्या बाळांना बाबांनी पहिल्यांदा घेतलं, तेव्हा ती जागी होती का हो?