मच्छरदाणीतल्या मधमाश्या

मुंबईहून आगबोटीत बसलो तेव्हा माझ्याजवळ वळकटी, मधमाश्यांवरचं एक पुस्तक आणि बायकोची नवी मच्छरदाणी होती. मच्छरदाणी न विचारता घेतली होती.

श्रीवर्धनला अक्काच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. अंगणातल्या फणसाच्या ढोलीत (खोडातल्या पोकळीत) मधमाश्या राहत. होमाच्या धुरानं त्या वऱ्हाडावर उठतील म्हणून अक्काचे यजमान, आमचे भाऊजी, झाडच तोडायला निघाले होते. त्या झाडाच्या सावलीत अक्काची चारही मुलं रांगली. तिनं मला लिहिलं, "काहीतरी कर." इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

बंदरात पडावातून (छोट्या होडीतून) कोळ्यानं मला खांद्यावर घेतलं.

"काखेत काय हाय, पावनं?"

"पुस्तक."

"मग भिजलं तरी चालंल."

अक्कानं ओल्या काजूची उसळ वाढली. मी दोनदा घेतली; कामगिरी मोठी होती.

सकाळी डोक्यावरून मच्छरदाणी घेतली, कमरेशी बांधली, नारळाचं पेटतं सोडण (वरची काथ्याची साल) घेऊन शिडी चढलो आणि ते ढोलीत खुपसलं. ठिणगीनं मच्छरदाणीला भोक पडलं. माश्यांना आत यायची वाट सापडली, बाहेर जायची मात्र सापडेना.

"काय हो मुंबईकर," खालून भाऊजी म्हणाले, "सोडवू, की आत बरं वाटतंय?"

मग त्यांनी झाड तोडायला धर्मा कातकऱ्याला निरोप धाडला. अक्का माझ्या तोंडाला चुना लावत होती.

दुपारी धर्मा आला. कुऱ्हाड खाली ठेवून उघड्या अंगानं वर चढला, जरा थांबला, मग सावकाश हात घालून पोळ्याचा एक तुकडा घेऊन उतरला.

"बाकीचं?" मी सुजल्या ओठांनी विचारलं.

"त्यात त्यांची पोरं हायती." माझ्याकडे निरखून तो म्हणाला, "कवापासनं ऱ्हात्यात, कुणाला चावल्या न्हाईत. तुमी घरात जाळ घातला त्यांच्या." मग भाऊजींना म्हणाला, "मालक, वारा दर्याकडनं येतो. होम झाडाच्या पल्याड मांडा. धूर मागं माडांच्या वाडीत जाईल."

भाऊजींनी होम पल्याड मांडला. लग्नात एक माशी उठली नाही. वरमाईनं फक्त अक्काला हळूच विचारलं, "हे तुमचे बंधू पहिल्यापासूनच असे?"

परतताना आगबोटीत मनात आलं, तोडायला आलेल्यानं झाड राखलं आणि राखायला आलेल्यानं त्यात जाळ घातला. घरी मात्र मी धर्माच्या तुकड्यातल्या मधाची बाटली पुढे करून म्हणालो, "झाड वाचवलं!"

बायकोनं बाटली फळीवर ठेवली. मच्छरदाणी उलगडली आणि भोकातून हात बाहेर काढून विचारलं, "कुणापासून?"